अठरा पोती गवत

मैदानमास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती, पण ती अशी येत होती की त्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. ती गोष्ट म्हणजे गवत. शहराच्या मोठ्या खेळाच्या मैदानावर त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि या चौतीस वर्षांत त्या मैदानाला कुणी नावं ठेवली नाहीत. संघ हरला की शिव्या प्रशिक्षकाला बसायच्या, पंचांना बसायच्या, अगदी वाऱ्यालाही बसायच्या, मैदानाला नाही. शिक्षक ते कधीच नव्हते. हाताखालच्या माणसांना गवताची काडी नाकासमोर धरून तासभर समजावत बसायची खोड होती, म्हणून कुणीतरी मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. घरी बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर 'आमचे मास्तर' म्हणायची. तिच्या म्हणण्यात जरा फिरकी असायची, ती गोष्ट वेगळी.

मैदानात कुठे बोटभर रुंद पानांचं तण दिसलं की मास्तरांचं डोकं फिरायचं. मग दुसऱ्या कुणाला न सांगता पाठीवर पंप घेऊन ते स्वतः निघायचे. दोन-चार दिवसांत त्या तणाची पानं आत वळायला लागत, देठ पिळवटत, शेंड्याची कोवळी पानं मुठीसारखी मिटत. मास्तर गुडघ्यावर बसून बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "लागलं." गवताला मात्र ढिम्म काही होत नसे, हीच तर त्या औषधाची खुबी होती. डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असे आणि खाली एक ओळ लाल अक्षरांत असे: हे औषध मारलेलं गवत खतात घालू नये. मास्तरांना ती ओळ पाठ होती. कापलेलं गवत वेगळ्या ट्रॉलीत भरून ते प्रेक्षकांच्या सज्जामागे टाकायला लावायचे, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ती ओळ वाचून दाखवायचे.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं त्यात 'माहीत नव्हतं' म्हणायला मास्तरांना तसूभरही जागा नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि घरात बायकोला नकोसे झाले. दिवसातून तीनदा ते गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या हिरवळीकडे बघायचे आणि तिथल्या माळ्याचा उद्धार करायचे. महिनाभर ऐकून घेतल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या बंद डेपोमागे लोक काहीतरी पिकवतात म्हणे. तिकडे जा आणि त्यांना शिकवा. मला शिकवायचं आता काही उरलं नाही."

शहरातला तो बस डेपो बंद पडून दहा वर्षं झाली होती. आसपासच्या वीस-बावीस घरांनी मागच्या बाजूचं डांबर पहारीने फोडलं होतं, माती आणून वाफे केले होते. फाटकावर पाटी होती, तिच्यावर 'पर्माकल्चर' असा एक शब्द होता, आणि त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं: म्हणजे काहीच वाया घालवायचं नाही. दर रविवारी सकाळी ही मंडळी जमायची. छपरावरचं पाणी पिंपात कसं धरायचं, भांडी धुतलेलं पाणी वाळूतून गाळून झाडांना कसं द्यायचं, बी कसं राखायचं, मोडकी खुर्ची फेकण्याआधी कशी सांधायची, असं काहीबाही एकमेकांना शिकवायची. सगळ्याची सूत्रं एका तरुण दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात होती. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळलेली ही पोरगी रविवारी कोपरापर्यंत मातीत असायची.

मास्तर पहिल्या रविवारी गेले ते हात मागे बांधून. सगळीकडे फिरले, मान हलवली, आणि एका वाफ्यात भलतंसलतं माजलेलं पाहून त्यांना राहवलं नाही. अर्ध्या तासात त्यांनी तो वाफा मुळापासून साफ केला. कपाळाचा घाम पुसत वर बघतात तो सात-आठ माणसं भोवती उभी.

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "ते आम्ही पेरलं होतं. जमिनीला ताकद यावी म्हणून."

हशा झाला. मास्तरांचे कान लाल झाले. चौतीस वर्षं ज्याच्यावर औषध मारलं ते इथे लोक मुद्दाम पेरत होते! ते पाय काढता घेणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या ढिगाजवळून एक बाई ओरडली, "उपटलंय ना, मग इकडे आणा. हिरवं मला हवंच होतं."

ती थर्मामीटर मावशी. मास्तरांच्याच वयाची, काटकुळी, डोक्याला रुमाल. हातात हातभर लांब सळईचा थर्मामीटर घेऊन ती खताच्या ढिगाभोवती फिरायची, सळई पोटात खुपसायची, आकडा बघायची आणि वहीत लिहायची. मावशीने चाळीस वर्षं हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत काढली होती. गठ्ठा वाफेच्या भट्टीत घालायचा, वर एक पट्टी लावायची, आणि आत पुरेशी उष्णता लागली की त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटायच्या. "रेघ काळी झाल्याशिवाय गठ्ठा माझ्या खिडकीतून बाहेर जायचा नाही," ती सांगायची. "मोठमोठे सर्जन यायचे. म्हणायचे, मावशी, घाई आहे, झालंय सगळं नीट, माझ्या शब्दावर द्या. मी म्हणायची, साहेब, शब्द तुमच्याजवळ ठेवा, मला पट्टी दाखवा." लग्न केलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. आता तो ढीग हीच तिची भट्टी होती, आणि बागेतल्या सगळ्या वाफ्यांना खत तिच्या हातचं जायचं.

मास्तर तिच्या हाताखाली लागले आणि बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाकडून काही शिकले. सुक्याचा एक थर, हिरव्याचा एक थर. मूठभर उचलून पिळायचं, बोटांच्या फटीत एखादाच थेंब आला पाहिजे. वास आंबट आला तर वारा कमी, उलथा. साठ अंश गाठले की दोन-तीन दिवस तसंच धरायचं. ढीग पहाटे वाफाळायला लागला की मास्तरांना वाटायचं, आपण आयुष्यभर नुसतं कापलं आणि मारलं, हे काहीतरी वेगळंच आहे. ते बायकोला रात्री जेवताना सांगायचे आणि ती म्हणायची, "आता मला खतही शिकवा."

पण एक सल होता. तिथे प्रत्येकाजवळ द्यायला काहीतरी होतं. सुतार खुर्च्या सांधायला शिकवायचा, न्हावी केस आणून ढिगात टाकायचा, कोपऱ्यावरचा कॉफीवाला चोथ्याच्या बादल्या आणायचा. मास्तरांना येत होतं ते गवत, आणि इथे गवत कुणाला नको होतं. पहिल्या दिवसाचा तो हशाही ते विसरले नव्हते.

पानगळ सुरू झाली की बागेत मोठा ढीग लावायचा, त्यातून पुढच्या हंगामाला सगळ्या वाफ्यांना पुरेल एवढं खत निघायचं. प्रत्येकाने काही ना काही आणायचं आणि मावशीने फाटकात बसून वहीत लिहून घ्यायचं: काय, किती, कुणी, आणि स्वच्छ की नाही. ती वास घ्यायची, चोळून बघायची, आडवेतिडवे प्रश्न विचारायची. सुताराने भुशाची चार पोती आणली तेव्हा तिने मूठभर हुंगून विचारलं, "यात प्लायवूड आहे का रे?"

सुताराने डोकं खाजवलं. "आहे थोडा, मावशी."

"मग त्यातला गोंद माझ्या ढिगाला नको. उचल."

सुतार हसत हसत पोती पुन्हा हातगाडीवर टाकून निघून गेला आणि पुढच्या रविवारी साध्या लाकडाचा भुसा घेऊन आला. कुणाला त्यात काही वाटलं नाही. मास्तर तिथेच उभे होते. त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात मास्तर आपल्या जुन्या मैदानावर गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. मोठ्या यंत्राने नुकतंच गवत कापलं होतं आणि सज्जामागे हिरवागार डोंगर पडला होता. मास्तरांना एकदम सुचलं. एवढं हिरवं तर बागेने कधी पाहिलं नसेल. टेम्पोभर नेलं तर?

"न्या की," तो म्हणाला, आणि मग जरा चाचरला. "पण फवारणी होऊन तीनच आठवडे झालेत, मास्तर. डब्यावर काय लिहिलंय ते तुम्हीच तर आम्हाला वाचून दाखवायचात."

मास्तर म्हणाले, "बघतो मी."

त्यांनी काय बघितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मनाशी हिशेब असा मांडला की ढीग साठ-पासष्ट अंशांवर जातो, त्यात जंतू मरतात, बिया मरतात, मग औषध काय टिकणार? डबे बनवणारे आपली कातडी वाचवायला चार ओळी जास्तच लिहितात. रविवारी सकाळी अठरा पोती रचलेला टेम्पो बागेच्या फाटकात येऊन उभा राहिला आणि सगळे हातातलं काम टाकून धावले. "मास्तरांनी मैदानच उचलून आणलं!" न्हावी ओरडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईने चिखलाच्या हातांनी त्यांचा हात धरला.

मावशी वही घेऊन आली. तिने एका पोत्याचं तोंड उघडलं, मूठभर गवत बाहेर काढलं आणि नाकाशी नेलं. गोडसर ताजा वास होता. मग तिने विचारलं, "मास्तर, यावर काही मारलंय का?"

एवढंच. हो म्हटलं असतं तर टेम्पो मागे फिरला असता, थोडी थट्टा झाली असती, आणि पुढच्या रविवारी मास्तरांनी पालापाचोळा आणला असता. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे असं बघत होतं. मास्तर म्हणाले, "नाही."

आणि ज्या बाईने सर्जनच्या शब्दावर कधी कात्री सोडली नव्हती, तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. तिने लिहिलं: गवत, अठरा पोती, मैदानमास्तर, स्वच्छ.

तो हिवाळा मास्तरांचा सगळ्यात चांगला गेला. असा ढीग बागेत कधी झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी साठ, पाचव्या दिवशी अडुसष्ट. मावशी आकडा मोठ्याने वाचायची आणि मास्तर फावड्यावर रेलून ऐकायचे. दोघं मिळून तो उलथायचे, मग पिंपावर बसून थर्मासमधला चहा प्यायचे. कधीकधी मास्तरांच्या घशाशी यायचं की सांगून टाकावं, पण मावशी थर्मामीटर पुसत म्हणायची, "तुमच्या गवताने जीव ओतला बघा यात," आणि तो शब्द परत पोटात जायचा.

थंडी ओसरली. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून तिने पंधरा दिवस आधीच खत वाफ्यांवर पसरायला सांगितलं. घमेलंभर तेवढं आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी नेलं. बागेत टोमॅटोची रोपं लागली, घेवडा पेरला, काकडी लावली. एका कडेला मका.

तीन आठवड्यांनी रविवारी मास्तर फाटकातून आत आले आणि जागच्या जागी थिजले. टोमॅटोचे शेंडे आत वळले होते. घेवड्याची पानं निमुळती होऊन पेल्यासारखी मिटली होती, देठ पिळवटले होते. कडेचा मका मात्र खुशाल डोलत होता, कारण मका म्हणजे शेवटी गवताच्याच जातीचा. बाकीची मंडळी वाकून वाकून बघत होती, कुणी कीड म्हणत होतं, कुणी पाणी जास्त झालं म्हणत होतं. मास्तरांना वाकावंही लागलं नाही. चौतीस वर्षं जे पाहून ते 'लागलं' म्हणत आले होते, तेच समोर चौदा वाफ्यांत उभं होतं.

त्या दुपारी शेडमध्ये सगळे जमले. मावशी डोळ्यावर हिरवी झापड लावून आली होती. बराच खल झाल्यावर कॉफीवाला म्हणाला, "मला वाटतं खत कच्चं होतं. आपण पंधरा दिवस घाई केली." कुणी मावशीचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. घाई कुणी केली हे सगळ्यांना माहीत होतं.

मावशीने वही उघडली, एका डोळ्याने आकडे पाहिले, पानं मागे-पुढे केली. "आकडे तर बरोबर आहेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण चुकलं असेल माझं. ऑपरेशनच्या नादात असेन."

मास्तर शेजारी मूग गिळून बसले होते. आत्ता बोलतो, हिचं झालं की बोलतो, असं म्हणत म्हणत बैठक संपत आली.

डॉक्टरीणबाई सहजासहजी सोडणारी नव्हती. ती म्हणाली, "नुसते अंदाज नकोत. घेवडा पेरून बघू. तीन कपांत हे खत, तीन कपांत साधी माती. खतातच काही विषारी असेल तर त्या कपांतली पानं वळतील, दुसऱ्यांतली नाही. तीन आठवड्यांत कळेल." आणि तिने इकडे तिकडे पाहून विचारलं, "कोण करेल? काका, तुमचा हात चांगला आहे."

सहा कप मास्तरांकडे आले. शेडमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कपांवर खुणा केल्या, घमेल्यातलं काळंभोर खत हातात घेतलं, आणि परत टाकलं. सहाही कपांत त्यांनी साधी माती भरली.

त्यांना तेव्हा एवढंच वाटत होतं की आपलं गवत यातून निसटावं. आपण निसटलो की मागे कोण अडकतं, तिथपर्यंत त्यांचा विचार गेलाच नाही, निदान ते स्वतःची समजूत तशी घालतात. तीन आठवड्यांनी सहाही कपांत घेवडा सरळसोट, टवटवीत उभा होता. डॉक्टरीणबाईने कप फिरवून फिरवून पाहिले आणि खाली ठेवले. "म्हणजे खतात काही विषारी नाही," ती म्हणाली. मग राहिलं काय? खत पसरताना कच्चं असेल, घमेल्यात पडून आता मुरलं असेल; म्हणजे कच्चेपणा राहिला, घाई राहिली. मावशी राहिली.

मावशीने वाद घातला नाही. तिने थर्मामीटरची सळई फडक्याने खालपासून वरपर्यंत पुसली, शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "आता दुसऱ्या कुणीतरी बघा. माझी नजर पूर्वीसारखी राहिली नाही." त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि ढिगाचं काम कुणाकडे द्यायचं, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी एका तोंडाने मास्तरांचं नाव घेतलं. मास्तरांनी नाही म्हणून पाहिलं. लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटला.

त्यांचं जेवण तुटलं. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिने ताट सरकवून घेतलं आणि म्हणाली, "बाग तुम्हाला मानवत नसेल तर सोडा. पण भिंतीकडे बघत बसू नका, मला भीती वाटते." तेव्हाही ते बोलले नाहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्याने मूठभर बीसुद्धा इकडचं तिकडे केलं नव्हतं, त्याने हे कसं सांगावं?

महिनाभराने डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, ढिगाची वही मावशींकडेच राहिलीय. तेवढी घेऊन या ना." मास्तर गेले ते वही आणायला गेले. कबुली द्यायला गेले असते तर किती बरं झालं असतं, असं ते आजही म्हणतात.

चौथ्या मजल्यावरचं दार मावशीने उघडलं. झापड निघाली होती. "या," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मास्तर खोलीत उभे राहिले आणि त्यांची नजर गॅलरीकडे गेली. कुंड्यांतले टोमॅटो आत वळून, पिळवटून वाळले होते. आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने सहा कप ठेवले होते. चिकटपट्टीवर सुबक अक्षरांत तारखा. तीन कपांतला घेवडा सरळ. तीन कपांतला मुठीसारखा मिटलेला.

मास्तरांनी ते कप दोनदा मोजले. ते खुर्चीवर बसले.

मावशी पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्यांच्या समोर बसली.

"तुम्हाला कधी कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या कपांचा निकाल लागला, त्याच दिवशी पेरलं. घरी घमेलंभर होतंच." तिने एक कप उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "तीन आठवड्यांत कळलं. बाकी सगळं मी स्वतः पारखून घेतलं होतं. नुसत्या शब्दावर घेतलेलं एकच होतं."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"काय सांगणार? माझ्यावर आलंय म्हणून मी दुसऱ्यावर ढकलतेय, असंच झालं असतं. आणि तुमचे सहाही कप सरळ उगवलेले सगळ्यांनी पाहिले होतेच की." तिने वही पुढे केली. ते पान तिने आधीच दुमडून ठेवलं होतं. "ही ओळ मी खोडली नाही. अक्षर माझं आहे, पण शब्द तुमचा होता. पेन त्या डब्यात आहे."

मास्तरांनी पेन घेतलं. 'स्वच्छ' या शब्दावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: तणनाशक मारलेलं. मला माहीत होतं. मग वही काखेत मारून ते उठले.

पुढच्या रविवारी त्यांनी शेडमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. गवताचं सांगितलं, मावशीने विचारलेल्या प्रश्नाचं सांगितलं, आणि कपांत भरलेल्या मातीचंही. कुणी ओरडलं असतं तर त्यांना सोसलं असतं. सुतार फक्त एवढंच म्हणाला, "अहो मास्तर, नुसतं हो म्हणायचं होतं. मी नाही का पोती उचलून घरी गेलो?" डॉक्टरीणबाई उठून बाहेर गेली आणि फाटकापाशी उभी राहिली. मग सगळ्यांनी मिळून वाफ्यांवरची माती खरवडून काढली. मास्तरांनी एकट्याने निम्मी काढली, पाठ मोडेपर्यंत काढली, पण त्याने काय होणार होतं?

डॉक्टरीणबाई चौघांना घेऊन मावशीकडे गेली, माफी मागितली. मावशीने सगळ्यांना चहा पाजला, हसून बोलली आणि म्हणाली, "बघते." ती आली नाही. खिळ्यावरच्या सळईला हात लावायची कुणाची छाती होईना.

ढिगाचं काम मात्र लोकांनी मास्तरांकडेच ठेवलं. त्याला शिक्षा म्हणा किंवा दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणा. आता फाटकात ते बसतात. कुणी काही आणलं की विचारतात, "यावर काही मारलंय का?" आणि उत्तर काहीही येवो, मूठभर कपात घेऊन घेवडा टोचतात. तीन आठवडे पोती फाटकाबाहेर. लोक कुरकुरतात, कॉफीवाला तर चिडून म्हणाला, "माझ्या चोथ्यावर कोण कशाला काय मारेल?" मास्तर मान खाली घालून कप भरत राहिले.

पानगळीत पहिले कप सरळ उगवले, तेव्हा त्यातला एक घेऊन मास्तर चार मजले चढले. मावशीने दारातच कप हातात घेतला, पानं उलटीसुलटी करून पाहिली.

"सरळ आहेत," ती म्हणाली.

"मावशी, मोठा ढीग लावायचाय. चला ना. मी असलो तर नको असेल, तर मी बाग सोडतो."

"तुम्ही कशाला सोडता? ढीग कोण बघणार मग?" तिने कप खिडकीत ठेवला. आधीचे सहा कप तिथे नव्हते.

"तुमचा राग गेला नाही."

"तुमच्यावर राग नाही हो, मास्तर. माणूस घाबरतो, खोटं बोलतो, मी हॉस्पिटलात रोज बघितलंय." ती खिडकीशीच उभी राहिली. "चाळीस वर्षं मी कुणाच्या शब्दावर एक गठ्ठा बाहेर सोडला नाही. सुताराचा भुसा हुंगला, न्हाव्याला दहा प्रश्न विचारले. तुमच्या मूठभर गवतात घेवडा पेरून बघायला मला काय झालं होतं? तीन आठवडे तर लागतात. नाही बघितलं. आता त्या फाटकात बसून दुसऱ्याला प्रश्न विचारायला माझी जीभ उचलणार नाही."

मास्तरांनी विचारलं, "का नाही बघितलंत, मावशी? माझ्यापेक्षा मोठमोठ्या लोकांना तुम्ही पट्टी दाखवायला लावलीत."

मावशीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

"तुम्ही गवताबद्दल खोटं बोलाल," ती म्हणाली, "असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

दार हळूच ओढून घेऊन मास्तर जिना उतरायला लागले.